ऊनोदरीचे पथ्य

‘थोडे पित्त आहे’ असे म्हणून व्यापारी घरांत जो त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो, तो पुष्कळदा आम्लाचा असतो. अन्ननलिका जठराला मिळते तेथील झडप सैल पडली की जठरातील आम्ल वर चढते आणि छातीत जळजळ होते.

नागपूर-अमरावती मार्गावरील, संत्र्यांच्या बागांनी वेढलेल्या कारंजा (घाडगे) येथील साठी ओलांडलेल्या एका धान्यव्यापाऱ्याचे असेच झाले. सोयाबीनच्या हंगामात पेढीवरच रात्रीचे नऊ वाजत; पिढीजात चौविहार केव्हाच सुटला होता. दिवसभर चहा, घरी येताच भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. मध्यरात्री आंबट पाणी घशाशी येई. सोडा घेऊन ते गप्प राहत. पुढे घास अडकू लागला, तरी ते बोलेनात. पर्युषण जवळ आले होते. डॉक्टर अठ्ठाई करू देणार नाहीत ही धास्ती. अखेर सूनबाई म्हणाल्या, “बाबूजी, पच्चक्खाण तुमचे, पण काळजी आमची.”

दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला व्रण आढळले, कर्करोग नव्हता. आठ आठवडे सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी ओमेप्राझोल घ्यायचे ठरले. जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर, पलंगाच्या उशाकडील पायांखाली सहा इंचांचे ठोकळे आणि डाव्या कुशीवर निजणे, हे पथ्य. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडते व आम्ल अधिकच वर येते. चहा कमी झाला. रिकाम्या पोटी संत्रे खाणेही त्यांना सोसत नव्हते, तेही बंद झाले.

व्रण भरेपर्यंत उपवास नको, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या वर्षी अठ्ठाई राहिली, याचे त्यांना फार दुःख झाले. मग बाह्य तपांतील दुसरे तप, ऊनोदरी, त्यांनी आठही दिवस पाळले: भूक थोडी शिल्लक असतानाच ताटावरून उठणे. उपवासात ताट समोर येत नाही. येथे ते रोज येई. हे तप त्यांना अधिक कठीण वाटले.

घास अडकणे, वजन घटणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी ही लक्षणे घरगुती उपायांवर सोपवू नयेत. छातीतील वेदना हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर पित्त न समजता तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्या घरात आता हंगामातही डबा सूर्यास्तापूर्वी पेढीवर पोहोचतो आणि तेवढा वेळ काटा थांबतो.