एकोणतीसवर थांबलेला काटा

जुन्या बोटीतली अनोळखी तबकडी पुढून वाचू नये. अक्षरं उडालेली असतात, काच पिवळी पडलेली असते. ती मागून वाचावी. मागे दोन जाड तारा आल्या असतील तर तो ॲमीटर. बोटीतला जवळजवळ सगळा विद्युतप्रवाह त्याच्या पोटातून वाहतो, म्हणून पेट्रोलच्या बोटीत त्याचा एक सैल नटही जिवावर बेतू शकतो. आत फिरणारी केबल असेल तर इंजिनाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर. तांब्याची बारीक नळी तबकडीतून निघून थेट इंजिनात शिरली असेल तर तो तापमापक. नळी तुटली, आतला द्रव उडून गेला, की तो मुका.

मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या ईशान्येला, सेंट क्लेअर नदीकाठी अल्गोनॅक हे छोटं गाव आहे. ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ आणि त्यांच्या मुलांनी १९२२ साली तिथे काढलेला कारखाना पुढे क्रिस-क्राफ्ट म्हणून जगभर गाजला. माझी सतरा फुटी महोगनीची बोट त्याच कंपनीची, दुसऱ्या महायुद्धानंतरची. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियमने कंपनीची कागदपत्रं जपली आहेत. हल नंबर कळवला की बोटीचं कारखान्यातलं कार्ड मिळतं. माझ्या बोटीच्या कार्डावर इंजिन लिहिलेलं आहे: सहा सिलिंडरचं, ९५ अश्वशक्तीचं 'के'. ते कार्ड बोटीचा जन्म सांगतं. त्यानंतर ती कुणाकुणाच्या हातांतून गेली, त्यांना पाण्यावर कसली धास्ती वाटायची, ते काही त्यात नाही. ते डॅशबोर्डवर आहे. कारखान्याने न बसवलेल्या तीन तबकड्या तिथे होत्या, आणि तिन्हींची मागची बाजू मी टॉर्च घेऊन, पाठीवर झोपून पाहिली.

पहिलीच्या मागे ना तार, ना केबल. फक्त रबरी नळी अडकवायचं एक तोंड. तबकडीवरच्या रेघा सुरुवातीला दाटीवाटीने आणि पुढे ऐसपैस. त्या दाटीनेच ओळख पटली. हा वेगमापक. बोटीच्या तळाशी एक बारीक नळी पाण्याकडे तोंड करून असते आणि समोरून येणारं पाणी तिच्यातल्या हवेला दाबतं. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली सेन नदीचा वेग मोजला तो याच तत्त्वावर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो: ताशी दहा मैलांना चौरस इंचाला दीड पौंडाच्या आसपास, वीस मैलांना सहाच्या जवळ, तीस मैलांना तेरा. सायकलचा पंप आणि एक खात्रीचा दाबमापक जोडून हवा भरत गेलो, तर काटा त्याच हिशेबाने सरकला. इतक्या वर्षांनंतरही.

दुसरी म्हणजे काचेची उभी नळी, शेजारी रिकामी-भरलेली दाखवणाऱ्या खुणा. मिशिगनमधल्याच ॲन आर्बरची किंग-सीली कंपनी असं पेट्रोलमापक मोटारींसाठी बनवायची. टाकीतल्या पेट्रोलचा दाब एका बारीक नळीतली हवा दाबतो आणि ती हवा डॅशवरच्या काचेतला लाल, जड द्रव वर ढकलते. वीज नाही, तरफ नाही. कुणीतरी जुन्या मोटारीतून काढून ते बोटीत बसवलं असावं. मला ही रचना फार देखणी वाटते. हवेची नळी मात्र कुठेही श्वासभरसुद्धा गळता कामा नये. गळली तर भरल्या टाकीला हे रिकामी म्हणणार.

तिसऱ्या तबकडीने मात्र खूप थांबवलं. आकडे १० ते ७५. इंजिन बंद, नळी सुटलेली, तरी काटा एकोणतीसच्या थोडा पुढे. दुरुस्ती करणारा कुणीही म्हणेल, काटा अडकला. पण नळीला तोंड लावून हवा ओढली की तो खाली यायचा आणि सोडली की पुन्हा त्याच जागी. शून्य नसलेलं हे यंत्र मोडलेलं नव्हतं, आपण विचारत होतो त्यापेक्षा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं. ते विमानाचं होतं. महायुद्ध संपल्यावर अशी उपकरणं लष्करी भांडारांतून स्वस्तात विकली गेली. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब ते पाऱ्याच्या इंचांत, निर्वातापासून मोजतं. आणि वातावरण स्वतः समुद्रसपाटीला सुमारे ३० इंच भरतं. माझी बोट असते तो सेंट क्लेअर तलाव समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे फूट उंच. तिथे दाब एकोणतीसच्या थोडा वर हवा. काटा तेच सांगत होता. कॅनडाकडून वादळ येऊ लागलं की तो धक्क्याला बांधलेल्या बोटीतही हळूहळू उतरतो. दाभोळच्या खाडीत लहानपणी पाहिलेले तांडेल वादळाच्या चाहुलीसाठी फक्त पश्चिमेकडे बघत.

त्याच्या आकड्यांवरचा रंग करपट तपकिरी झाला आहे. हा रेडियमचा रंग. रंगातलं उजळणारं जस्ताचं संयुग केव्हाच थकलं, पण रेडियमचं अर्धायुष्यच १६०० वर्षं. गायगर काउंटर जवळ नेला की कडकडाट सुरू होतो. न्यू जर्सीतल्या ऑरेंजच्या कारखान्यात १९२०च्या सुमारास तरुण मुली ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत आणि अशाच रंगाने घड्याळांच्या तबकड्या रंगवत. जबड्यांची हाडं सडली, काही जणी मेल्या, आणि पाच जणींनी लढवलेला खटला १९२८ साली तडजोडीने मिटला. माझं उपकरण त्यानंतरच्या काळातलं, तेव्हा नियम कडक झाले होते. तरी ते हातात घेताना त्या मुली आठवल्याशिवाय राहत नाहीत. मी ते उघडलं नाही. काच शाबूत आहे, झाकण घट्ट आहे, आणि ते बंदिस्त राहावं हाच त्याचा योग्य जीर्णोद्धार आहे असं माझं ठाम मत आहे.

काचेवर बाहेरून, २२च्या समोर, लाल इनॅमलची एक रेघ होती. तिचा अर्थ नळी पुन्हा जोडल्यावर, तलावातच कळला. बोट सुरुवातीला नाक वर करून पाणी ढकलते आणि काटा वातावरणाच्या दाबापर्यंत चढतो. मग ती पाण्यावर स्वार होते, नाक खाली येतं, थ्रॉटल मागे घेता येतो. २२वर बोट सुखाने पळते. त्याहून मागे घेतला की तिची पाठ पुन्हा बसू लागते, पुढे दाबला की वेग जेमतेम वाढतो आणि पेट्रोल भसाभसा जातं. जुन्या मालकाने ही हद्द स्वतः शोधून आखून ठेवली होती. डॅशला वार्निश चढवताना मी ती काच कागदाने झाकली आणि रेघ होती तशीच ठेवली.