दारावरची पाटी

करंजाड्याच्या ज्या इमारतीत मी राहतो, तिच्या तळमजल्यावर रहिवाशांच्या नावांचा एक मोठा फलक आहे. तो वाचण्याचा मला छंदच जडला आहे. आणि आमची लिफ्ट वारंवार बंद पडत असल्यामुळे त्या छंदाला सवडही भरपूर मिळते. कुणी नावापुढे पदवी लावली आहे, कुणी निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी हुद्दा सोडलेला नाही, कुणी नुसते आडनाव लिहून मोकळा झाला आहे. आपल्याविषयी जगाला काय सांगावे आणि काय घरात ठेवावे, याचा निवाडा ज्याचा त्याने केलेला असतो. त्यावर सोसायटीच्या सभेत आजवर कुणी ठराव आणल्याचे मला स्मरत नाही. (पाण्याच्या टँकरखेरीज आमच्या सभेत दुसरा विषय निघतो कुठे म्हणा!)

पण मनुष्य प्रसिद्धीस आला, की त्याच्या दारावरची पाटी इतरांनी रंगवायची असते, असा आपला एक समज आहे. कोजागिरीला आम्ही गच्चीवर जमलो होतो. पलीकडे गाढी नदीच्या काठाने पनवेलचे दिवे लुकलुकत होते. मसाला दूध दुसऱ्यांदा फिरले आणि गोष्ट एका नटावर आली. शेजारचे काका म्हणाले, "असेल समलिंगी तर असो बापडा! पण ज्यांच्या तिकिटाच्या पैशांवर तो जगतो, त्यांना खरे काय ते सांगायला नको?"

काका मनाने वाईट नाहीत. त्यांचा हिशेब मात्र मला पटला नाही. तिकिटाचे पैसे मी खुर्चीचे, पंख्याचे आणि तीन तासांच्या करमणुकीचे दिले. डॉक्टरांनाही मी फी देतो. म्हणून त्यांच्या शय्यागृहाची चौकशी करण्याचा अधिकार मला मिळतो काय? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते कलम ३७७ निष्प्रभ केले. या दोन्ही निकालांत प्रसिद्ध माणसांना वगळलेले नाही.

अशा गोष्टी निघाल्या की मला श्रीनिवास रामचंद्र सिरस आठवतात. नागपूरकडचा हा मनुष्य अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक होता. गंगा-यमुनेच्या प्रदेशात मराठी शिकवीत आयुष्य घालवायचे, म्हणजे आधीच किती एकाकी काम! ते कविता लिहीत. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला. त्यांनी आपल्या आवडीनिवडीची दवंडी कधी पिटली नाही. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरली आणि त्यांनी एका मित्रासह त्यांचे चित्रण केले. विद्यापीठाने शिक्षा कुणाला केली? सिरसांना! निवृत्ती काही महिन्यांवर आलेली असताना त्यांना निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निलंबनाला स्थगिती दिली, आणि ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. पुढे २०१६ साली हंसल मेहता यांनी 'अलीगढ' चित्रपट काढला, तेव्हा पुष्कळ मराठी वाचकांना आपल्या या कवीचे नाव प्रथम कळले.

म्हणजे काका ज्याला खरे सांगणे म्हणतात, ते इथे दुसऱ्यांनीच दार ढकलून सांगितले.

इतके सारे मी मोठ्या आवेशाने माझ्या भाच्याला ऐकवले. तो पनवेलला नोकरी करतो, आमच्याकडेच राहतो. आणि तो समलिंगी आहे हे आम्हांला घरात ठाऊक आहे. (हे छापण्यापूर्वी मी त्याला विचारले. तो म्हणाला, "लिही, पण नाव घालू नकोस मामा.") सगळे ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "तुझे बरोबर आहे. पण मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा मला वाटायचे, असा मराठी मनुष्य जगात मी एकटाच. एक नाव जरी ठाऊक असते, तरी ती दोन वर्षे सोपी गेली असती."

या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नाही. आणि ते शोधण्याची घाईही मी करीत नाही. मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ साली एका मासिकात स्वतःविषयी उघडपणे सांगितले, पुढे १९९० साली 'बॉम्बे दोस्त' काढले. पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली 'समपथिक' संस्था उभी केली आणि मराठीत पुस्तके लिहिली. माझ्या भाच्याला पहिला दिलासा मिळाला तो अशाच एका पुस्तकातून. या माणसांनी दिले ते मोठे. पण ती देणगी होती. देणगीला आपण हात जोडतो. वसुलीला माणूस पाठवीत नाही.

शिवाय उघड बोलण्याची किंमत देणाऱ्यालाच मोजावी लागते. दिल्लीचे वकील सौरभ किरपाल यांचे नाव उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी सुचवले गेले, तेव्हा सरकारने घेतलेल्या आक्षेपांत त्यांचा जोडीदार परदेशी असल्याचा एक, आणि ते आपल्याविषयी उघडपणे बोलतात हा दुसरा होता. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने तेच नाव पुन्हा पाठवताना, त्यांनी काही लपवले नाही ही त्यांच्या श्रेयाची गोष्ट मानली. थोडक्यात, लपवले तर काका रागावतात, सांगितले तर सरकार!

अपवाद मी एकच करीन. एखादा पुढारी व्यासपीठावरून अशा माणसांना शिव्या घालीत असेल, त्यांच्यावर कायद्याचा बडगा उगारा म्हणत असेल, आणि स्वतः तेच आयुष्य जगत असेल, तर त्याला जाब विचारायला माझी हरकत नाही. तिथे प्रश्न त्याच्या शय्येचा नसून त्याच्या भाषणाचा असतो.

भाच्याला आता 'पायाखालची हिरवळ' वाचायची आहे. पनवेलच्या दुकानांत मी विचारले. प्रत मिळाली नाही. तो म्हणतो, पुण्याला अप्पा बळवंत चौकात पाहू, नाही तर एखाद्या जुन्या ग्रंथालयात. भाऊबीज झाली की आम्ही दोघे सकाळच्या गाडीने निघणार आहोत.