ओल्या चटईचं काय घेऊन बसलात

'हेमा कोण गं?' असं आईने फोनवर विचारलं होतं. दर मंगळवारी संध्याकाळी मुलगी 'हेमाला चाललेय' म्हणते, म्हणजे जर्मनीत कोणी मराठी मैत्रीण मिळाली असणार, असा तिचा समज. हेमा म्हणजे हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स, आणि तिथे आम्ही दोन हातांनी धरायच्या लांब तलवारी फिरवतो, हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जेवलीस का?"

तर मंडळी, आज त्या हेमाबद्दलच, त्यातही धार लावलेल्या तलवारीने चटई कापण्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे कोल्हापुरात मर्दानी खेळ आजही वस्तादाकडून शिकता येतात. युरोपात लांब तलवारीची ती साखळी तुटली. उरली ती पुस्तकं. हान्स टालहोफरचं १४६७ चं चित्रांनी भरलेलं हस्तलिखित, योआखिम मायरचा १५७० साली स्ट्रासबुर्गला छापलेला जाडजूड ग्रंथ, अशी. ती वाचून, एकमेकांवर करून बघून, भांडून आजचे लोक ती विद्या पुन्हा उभी करताहेत. विहिरीत न उतरता पुस्तकावरून पोहायला शिकण्यासारखं हे थोडं आहे, पण दुसरा इलाज नाही.

एरवी आमचा सराव बोथट तलवारीने चालतो. तिला फेडर म्हणतात. पातं लवचीक, टोक गोलसर, डोक्यावर जाळीचा मुखवटा, अंगात जाड जाकीट. फेडरने मारलं की लागलं हे कळतं, पण कापलं असतं की नुसतं पट्टीसारखं फटकन बसलं असतं, हे मात्र कळत नाही. त्याची परीक्षा म्हणून वर्षातून एक-दोनदा खऱ्या धारेच्या तलवारी बाहेर निघतात.

कापायला असते जपानी तातामीची चटई. तिची घट्ट गुंडाळी करायची, दोरीने बांधायची, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी लाकडी खुंटीवर उभी खोचायची. ही पद्धत मूळची युरोपातली नाही, जपानी तलवारवाल्यांकडून उसनी घेतलेली. चटईआधी नवख्यांना पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या देतात. वार नीट बसला तर बाटलीचा वरचा भाग उडतो आणि खालचा पाण्यासकट जागेवर उभा राहतो. नाही बसला तर बाटली आठ-दहा फूट लांब, आणि सगळे भिजलेले.

आता गंमत ऐका. माणसाला वाटतं, कापायला जोर लागतो. आमच्याकडे जिममध्ये जाणारे दोन उंचपुरे गडी आहेत, चटई सर्वात वाईट तेच कापतात. तलवार असते जेमतेम दीड किलोची, कधी त्याहूनही हलकी. दंड आवळून मारलं की पातं वाटेत थरथरतं, किंचित वळतं. आणि सगळा खेळ तर त्या किंचितचा आहे. धार ज्या दिशेला बघतेय आणि पातं ज्या दिशेला चाललंय, त्या दोन दिशा एकच हव्यात. थोडा फरक पडला की पातं चटईत शिरल्यावर वळायला लागतं आणि कापलेली बाजू चमच्यासारखी खोलगट होते. आणखी फरक पडला की ते मध्येच अडकतं. चटईचा तुकडा हातात घेऊन बघितलं की कोणाचं मनगट कुठे ढिलं पडलं ते सगळं त्यावर वाचता येतं. खोटं बोलायची सोयच नाही.

पात्याचा आकारही बोलतो. ज्यांच्या घरी विळी आणि कोयता दोन्ही आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. कोयत्याने नारळ फुटतो पण कोथिंबीर चिरत नाही. तसंच इथेही. चिलखताच्या फटीत भोसकण्यासाठी केलेल्या, टोकदार आणि मधे जाड कण्याच्या तलवारी चटईत नाखुशीने शिरतात. रुंद, पातळ पात्याच्या लोण्यासारख्या जातात. यूअर्ट ओकशॉट नावाच्या इंग्रज गृहस्थाने मध्ययुगीन तलवारींची जी वर्गवारी केली, ती आधी मला निव्वळ संग्रहालयातली यादी वाटायची. दोन प्रकारच्या तलवारींनी एकच चटई कापल्यावर ती हाताला कळली.

आणि धार टिकवायची कशी, याचा एक किस्सा आपल्या शेजारचा आहे. कॅप्टन नोलन नावाच्या ब्रिटिश घोडदळाच्या अधिकाऱ्याने १८५३ च्या आपल्या पुस्तकात निजामाच्या स्वारांच्या तलवारींच्या भयंकर घावांबद्दल लिहिलंय. त्याला वाटलं, काही खास देशी पोलाद असेल. निघालं काय, तर ब्रिटिशांनीच मोडीत काढलेली जुनी पाती! स्वारांनी ती घासून वस्तऱ्यासारखी केली होती, लाकडी म्यानात ठेवली होती, आणि कामाशिवाय बाहेर काढत नव्हते. ब्रिटिशांची म्यानं लोखंडी, त्यामुळे तलवार आत-बाहेर होतानाच बोथट व्हायची. (हाच नोलन पुढच्या वर्षी बालाक्लाव्हाच्या त्या प्रसिद्ध घोडदळाच्या हल्ल्यात गेला.) आमच्या ओळखीची फिरंग पण अशीच नाही का, पातं युरोपचं आणि मूठ इथली.

असो. आता खरं सांगायचं ते.

माझा जो वार सगळ्यात चांगला बसला, तो मला जाणवलाच नाही. मला वाटलं नेम चुकला, तलवार हवेतून गेली. चटई तशीच उभी होती. मग वरचा अर्धा भाग सावकाश घसरला आणि गवतावर पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले, पण पोटात काहीतरी हललं. मी ज्याला मेहनत समजत होते त्यातलं काहीच त्या क्षणी लागलं नव्हतं.

आमच्याकडे कोणीतरी दरवेळी सांगतं की एक चटई म्हणजे माणसाचा हात. मला हे पटत नाही. चटई अंगावर कापडाचे थर घालत नाही, आणि तागाच्या जाड थरांतून कापणं फार अवघड असतं. चटई मागे सरत नाही, उलटा वार करत नाही. चटई कापता आली म्हणून लढता येतं, असं समजणारा पुढच्या मंगळवारी फेडरचा मार खातो. पण चटई म्हणजे नुसतं गवत, हेही मला म्हणवत नाही. स्वीडनच्या गोटलंड बेटावर व्हिस्बीजवळ १३६१ च्या जुलैत डेन्मार्कच्या राजाने तिथल्या शेतकऱ्यांना कापून काढलं. तिथल्या सामूहिक कबरी विसाव्या शतकात उकरल्या, त्यात हजारावर माणसं निघाली. त्या हाडांचे फोटो मी बघितलेत. कित्येक घाव गुडघ्याखाली आहेत, आणि हाडावरचे काही काप अगदी सरळ, गुळगुळीत आहेत. आपण ज्याला चांगला काप म्हणतो, तसेच.

आईला हे सगळं सांगितलं नाही. तिने एवढंच विचारलं होतं, "पण कापायचं कशाला गं?" मी म्हटलं, मनगट सुधारतं. ते खरंही आहे.

मग मी त्या दिवशी आणखी चार वार केले. दोन बरे, एक खोलगट, एक अडकलेला. तलवार ज्याची होती तो प्रत्येक वारानंतर पातं फडक्याने पुसत होता, कारण ओल्या चटईचं पाणी लागलं की तासाभरात गंज दिसायला लागतो. शेवटी तेलाचा हात फिरवून त्याने ती म्यानात घातली. म्यान लाकडी होतं. चटयांचे तुकडे आम्ही दोन पोत्यांत भरले, आणि क्लबातल्या एका आजोबांनी ते बागेत खतासाठी नेले.