सांगणाऱ्याची शिस्त : शिरढोण ते कर्नाळा

नवीन पनवेल ही सिडकोने आखलेली, सेक्टरच्या क्रमांकांनी ओळखली जाणारी वसाहत असून तेथील अनेक कुटुंबे गेल्या काही दशकांत घाटावरून, खानदेशातून किंवा मुंबईतील चाळींतून आलेली आहेत. त्यामुळे रुळांच्या पलीकडील, 1852 मध्येच नगरपालिका स्थापन झालेल्या जुन्या पनवेलमध्ये जे स्थळज्ञान घरातच कानावर पडते, ते येथे मुद्दाम मिळवावे लागते. या वसाहतीतील निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना शिरढोण गावात व कर्नाळा किल्ल्यावर स्वयंसेवी मार्गदर्शक, म्हणजे मानधन न घेता स्थळाचा इतिहास सांगणारे, म्हणून तयार करण्याच्या कामात प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता आणि पुढील निरीक्षणे त्या अनुभवातून आली आहेत.

प्रशिक्षणार्थींकडे माहितीची वाण नव्हती. सनावळी तर काहींना तोंडपाठ होती. अडचण अशी होती की पाहिलेले, वाचलेले आणि ऐकलेले हे सर्व एकाच ठाम सुरात बाहेर पडत असे. म्हणून प्रत्येक विधानापूर्वी ‘दिसते’, ‘लिहिलेले आहे’ किंवा ‘सांगतात’ यांपैकी एक क्रियापद मनात योजावे, असा दंडक घालण्यात आला, आणि तो पाळणे वक्तृत्वाची सवय असलेल्यांनाच सर्वांत जड गेले.

शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. 4 नोव्हेंबर 1845 ही जन्मतारीख, 1879 चे बंड, त्याच वर्षीची अटक आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगातील मृत्यू या बाबी लेखी साधनांत आहेत. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते ही गोष्ट मात्र मार्गदर्शकाने परंपरा म्हणून सांगावी, असे ठरले. फडके यांच्या ‘आद्य क्रांतिकारक’ या उपाधीबाबत खरा वाद झाला, कारण पुरंदर तालुक्यातून येऊन स्थायिक झालेल्या एका प्रशिक्षणार्थीने हीच उपाधी उमाजी नाईकांना लावली जाते आणि त्यांचे बंड जवळजवळ अर्धशतक आधीचे आहे, याकडे लक्ष वेधले. उपाधी ही घटना नसून उत्तरकाळाने दिलेला मान असतो, हे त्या चर्चेतून जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही व्याख्यानातून झाले नसते. शिवाय दोन्ही बंडांमागे रामोशी समाजाचे बळ होते, हा सहसा गाळला जाणारा दुवाही तेथेच पुढे आला. बाहेरून आलेला रहिवासी स्थानिक इतिहास सांगण्यास अपुरा असतो, ही समजूत त्यामुळे बरीच सैल झाली.

कर्नाळ्यावर काम अधिक कठीण, कारण तेथे डोळ्यांना दिसणारे फार आणि कागदावर असलेले त्या मानाने थोडे. बोरघाटातून पनवेलच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारा हा किल्ला 1665 च्या पुरंदरच्या तहात मुघलांकडे गेला, 1670 मध्ये मराठ्यांनी परत घेतला आणि 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. एवढा भाग दोन मिनिटांत संपतो. खरी शिकवण सुळक्याच्या, म्हणजे सरळ उभ्या बेसाल्टच्या खडकाच्या, पायथ्याशी होते. तेथे कातळात खोदलेली टाकी, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याची कुंडे, आहेत. टाक्याच्या काठाशी उभे राहून मार्गदर्शकाने प्रथम काहीही न सांगता पाहुण्यांना छिन्नीचे घाव दाखवावेत, वरून येणारे पाणी कोणत्या बाजूने आत उतरत असेल हे त्यांनाच शोधू द्यावे आणि मगच शिबंदीच्या, म्हणजे गडावरील पहाऱ्याच्या फौजेच्या, पाण्याचा विषय काढावा, असा क्रम बसवण्यात आला. याच सुळक्यावर आग्या मोहोळे असल्याने आवाज बेताचा ठेवणे, धूर व उग्र अत्तर टाळणे हेही प्रशिक्षणाचाच भाग ठरले. किल्ला पक्षी अभयारण्यात आहे, ही गोष्ट इतिहासप्रेमी नेमकी विसरतात.

एक प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाही. आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतील तरुण पर्यटकांना मजुरी घेऊन गड दाखवतात आणि वाटेचे, झाडांचे, पाण्याचे त्यांचे ज्ञान शहरी स्वयंसेवकांपेक्षा निर्विवादपणे सरस असते. अशा ठिकाणी फुकट सांगणारे उभे राहिले तर या तरुणांचा रोज बुडतो. यावर तोडगा म्हणून स्वयंसेवकांनी शिरढोण सांभाळावे आणि गडावर स्थानिक वाटाड्याला पूर्ण मजुरी देऊनच गट न्यावा, अशी विभागणी लेखकाने सुचवली. ती काही स्वयंसेवकांना मान्य झाली, तर काहींना गडच सांगायचा होता.