तीन लिप्या, तीन घराणी

आपल्या घरांत पुस्तकाचं एकच पान पुष्कळदा तीन लिप्यांत असतं. आयत अरबीत, बुजुर्गांची नसीहत उर्दूत, अर्थ मराठीत. माझ्या दादीची दुआंची वही अशीच होती. ती छापून घरातल्या सगळ्यांना द्यायचं ठरलं, तेव्हा भावंडं म्हणाली, सगळं देवनागरीतच घे, मुलांना तेवढंच वाचता येतं.

मला ते पटलं नाही. अरबीत घशातून उच्चारायच्या काफने ‘कल्ब’ लिहिलं तर अर्थ हृदय. साध्या काफने लिहिलं तर कुत्रा. मराठीत दोन्ही ‘कल्ब’च. सीन, स्वाद आणि से ही तीन वेगळी अक्षरं आपल्या एका ‘स’मध्ये मिसळून जातात. देवनागरी उच्चार सोबतीला असावा, पण दुआ अरबीतच हवी.

हे काम मी झीलाटेकवर केलं. डोनाल्ड नूथ यांना स्वतःच्या पुस्तकाची छपाई पसंत पडली नाही, म्हणून त्यांनी 1978 मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणली. जोनाथन क्यू यांनी 2004 साली तिला युनिकोडची जोड दिली, तेव्हापासून आपल्या लिप्या तिच्यात थेट लिहिता येतात. फुकट मिळते, पण प्रत्येक गोष्ट तिला सांगावी लागते.

फॉन्टचंही कुटुंब असतं: साधा, ठळक, तिरका, ठळक-तिरका अशी एका वळणाची भावंडं. मी तीन कुटुंबं नेमली. मराठीला शोभिका, अरबीला अमीरी, उर्दूला नोटो नस्तालीक. अमीरीचं वळण कैरोच्या जुन्या बुलाक छापखान्यातल्या नस्खवरून घेतलेलं आहे.

नुसतं नाव देऊन भागत नाही. प्रत्येक फॉन्टसोबत लिपी कोणती, हे लिहावं लागतं. ते राहिलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाते, जोडाक्षरांचे पाय मोडतात आणि एकमेकांना जोडून यायची अरबी अक्षरं सुटी उभी राहतात. उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हेही सांगायचं. एकाच मापात अरबी अक्षर देवनागरीपुढे बारीक दिसतं, म्हणून ते थोडं वाढवून घेतलं. नस्तालीक तिरकं उतरत जातं. त्याच्या ओळींत जास्त जागा सोडली, नाहीतर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीवर येतात.

सगळ्यांत जपायचं ते पुढेच. फॉन्टमध्ये एखादं चिन्ह नसेल तर काम थांबत नाही. पान तयार होतं आणि लॉग फाइलमध्ये कुठेतरी एक ओळ पडते. मराठी शब्दात असं झालं तर वाचणारा समजून घेतो. आयतीत एक जेर किंवा जबर गळला तर अर्थच फिरू शकतो. म्हणून दर वेळी लॉग फाइल शेवटपर्यंत वाचली. छापण्याआधी मोहल्ल्यातल्या हाफिजसाहेबांनी मुसहफ समोर ठेवून एकेक आयत ताडून पाहिली. हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरवर सोडू नये.

घरातली मुलं आता आधी मराठी अर्थ वाचतात, मग अरबी ओळीवर बोट ठेवून विचारतात, “यातला ‘कल्ब’ कुठला?” मदरशात शिकलेलं अक्षर तिथे सापडलं की त्यांना फार आनंद होतो.