वाट बघून आले

मुलांनो, तुमची घरापासून शाळेपर्यंतची वाट सुरक्षित आहे का हो? पटकन 'हो' म्हणालात ना? मग आता सांगा, कशावरून?

पडलात ना विचारात! मीही अशीच पडले होते, गेल्या वर्षी जून महिन्यात. मी केडगावच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. केडगाव म्हणजे दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं आमचं गाव. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळं, आणि सकाळ-संध्याकाळ माणसांनी खच्चून भरलेली पुण्याची शटल. माझी भाची इथेच वाढली, इकडच्याच कॉलेजातून पदवीधर झाली, आणि पुणे विद्यापीठात भूगोलाच्या एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला. पेढे वाटून झाले. दोन दिवसांनी दाजी, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "नंबर लागला ते झ्याक झालं. पण पोरीला तिकडं ठेवायची नाय."

"का हो दाजी?"

"पेपर वाचत नाहीस का तू? पुण्यात रोज काय काय चालतंय ते? तिथली वस्ती कशी, माणसं कशी, काय ठाऊक!"

"तुम्ही विद्यापीठ आतून बघितलंय?"

"नाय."

"मग वाईट कशावरून?"

"तू बघितलंयस का? मग चांगलं कशावरून?"

खरं सांगते, मी गप्प बसले. मीही ते फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेलं! दाजींची भीती ऐकीव होती, तशी माझी खात्रीसुद्धा ऐकीवच होती की. शेवटी मी म्हटलं, "मी बघून येते. दिसेल ते खरं खरं लिहून देते. नको वाटलं तर 'नको' असंच लिहीन." दाजी कबूल झाले. भाची मात्र माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी तुम्ही निकालाच्या दिवशी बाईंच्या हातातल्या कागदाकडे बघता. माझ्या पोटात गोळाच आला. चुकून 'चांगलं' लिहिलं आणि काही भलतंच झालं तर? आणि उगीच 'वाईट' लिहून तिची वाट बंद केली तर?

ही वाट बंद होणं मला माहीत आहे बरं का. बारावीनंतर मलाही पुण्याला कॉलेजात जायचं होतं. "नको, लांब आहे," एवढंच ठरलं आणि मी जवळ होतं म्हणून डी.एड. केलं. मला माझा वर्ग फार आवडतो, तक्रार नाही. पण त्या वेळी कुणी बघून आलं नव्हतं, एवढं मनात राहिलं.

तर एका शनिवारी आम्ही दोघी पहाटेच्या शटलने निघालो. भाचीने कोरी वही आणि लाल-हिरवी पेनं घेतली होती. भूगोलवाली ना! म्हणाली, "मावशी, जाऊ तिथला नकाशा काढायचा. बरं वाटलं तिथे हिरवी खूण, भीती वाटली तिथे लाल."

पुणे स्टेशनवरून बस धरली. गणेशखिंड रस्ता लागला तसं मला इतिहासाचं पुस्तक आठवलं. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती याच रस्त्यावर. तेव्हा विद्यापीठाची ती सुप्रसिद्ध इमारत म्हणजे गव्हर्नरसाहेबांचा बंगला होता, आणि रँडसाहेब तिथल्याच समारंभाहून परतत होता. (दाजींना हे मी अजूनही सांगितलेलं नाही!)

विद्यापीठाच्या चौकात उतरलो. औंध, बाणेर, पाषाण, सेनापती बापट रस्ता, सगळीकडची वाहनं तिथे येऊन मिळतात. मी मान वर करून आतली गर्द झाडी बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई गं, केवढा हा काळोख असेल रात्री! तेवढ्यात भाचीने माझा दंड धरून मला मागे ओढलं. एक दुचाकी अगदी साडीला घासून गेली. छातीत धडधडत होतं, आणि हसूही येत होतं. भीती मला झाडांची वाटत होती आणि धोका चाकांवर बसून आला होता. वहीतली पहिली लाल खूण त्या चौकावर पडली. घरी आल्यावर मी मुद्दाम आकडा शोधला. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. पण "पोरगी पुण्याला नको, रस्ता ओलांडावा लागतो," असं म्हणणारे वडील तुम्ही पाहिलेत का? मी नाही पाहिले.

फाटकावरचं नाव वाचून भाची थांबली. १९४९ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. तुम्हाला ती गोष्ट ठाऊकच आहे. १८४८ साली भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण, चिखल टाकत. म्हणून त्या जादा लुगडं बरोबर न्यायच्या आणि शाळेत पोचल्यावर बदलायच्या. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्यांच्या धीराचं नवल वाटायचं. त्या दिवशी फाटकात उभी असताना त्यांच्या तयारीचं वाटलं. वाट चांगली आहे असं त्यांनी स्वतःला समजावलं नाही, आणि वाईट आहे म्हणून घरीही बसल्या नाहीत. पिशवीत लुगडं घातलं!

आत शिरलो. ४११ एकरांचं आवार आहे ते. तीन एकर रान राखताना आमच्या दाजींची दमछाक होते, आता ४११ म्हणजे किती ते तुम्हीच बघा. मुख्य इमारत, जयकर ग्रंथालय, भूगोल विभाग, मुलींचं वसतिगृह, सगळीकडे आम्ही पायी फिरलो. वसतिगृह ते ग्रंथालय ही वाट तर चार वेळा चाललो. दोनदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर. हो, दिवे लागेपर्यंत थांबलोच. मुक्कामाला खडकीत नातेवाईक होते. दिवसा पाहिलेली जागा रात्री वेगळीच असते हे शेतात पाणी धरायला जाणाऱ्या कुणालाही विचारा. सकाळी जी झाडाखालची वाट भाचीला सगळ्यात आवडली होती, तिथे हिरवी खूण होती. संध्याकाळी तिनेच त्या हिरव्यावर लाल गोल काढला. आणि सकाळी गजबजाटाची म्हणून मी नापसंत केलेली, चहा आणि झेरॉक्सच्या दुकानांची बाजू रात्री हिरवी झाली. तिथे उजेड होता, माणसं होती, आणि चहावाल्याला कोण कुठल्या विभागाचं ते माहीत होतं.

मी विचारत सुटले होते. पहारेकऱ्याला, झाडणाऱ्या मावशींना, चहावाल्याला. "इथं भीती आहे का?" असं विचारलं की सगळे म्हणत, "छे हो!" मग माझ्या ध्यानात आलं, प्रश्नच चुकतोय. वर्गात "समजलं का?" विचारलं की तुम्ही सगळे एका सुरात "हो" म्हणता ना, तसंच ते! मग वसतिगृहाकडे निघालेल्या तीन-चार मुली भेटल्या त्यांना मी वेगळं विचारलं, "काही झालं तर कुणाला सांगता?"

त्या भराभर बोलायला लागल्या. आधी मैत्रिणीला, मग रेक्टर मॅडमना. एकीने ११२ हा नंबर सांगितला, पोलिसांची मदत मागायचा. दुसरी म्हणाली, तक्रार समिती असते. २०१५ च्या नियमांनी ती प्रत्येक कॉलेज-विद्यापीठात असावीच लागते. रॅगिंगविरुद्ध तर महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. मला आनंद झाला. मग त्यांच्यातली सर्वांत शांत मुलगी म्हणाली, "फक्त घरी सांगत नाही, बाई. घरी सांगितलं की म्हणतात, बॅग भर आणि ये."

मुलांनो, त्या वाक्याने मी एकदम नववीत जाऊन पोचले. आमच्या शाळेची वाट कालव्याच्या कडेने होती. ओळखीचा एक माणूस, आमच्या घरी येऊन चहा पिणारा, रोज माझ्या चालीने सायकल चालवत मागे मागे यायचा आणि काहीबाही बोलायचा. मी घरी सांगितलं नाही. का? सांगितलं असतं तर त्याची सायकल नव्हे, माझी शाळा बंद झाली असती! मी वाट बदलली. उसातून जाणारी, लांबची धरली. तिथे रानडुकरं असायची, पण मला ती वाट बरी वाटायची. आणि सगळं गाव म्हणत होतं, आपलं गाव कसं सुरक्षित, सगळी ओळखीची माणसं! मुलामुलींना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, ही गोष्ट मी खूप उशिरा वाचली.

हल्ली मी चौथीच्या मुलांकडून घर ते शाळा असा नकाशा काढून घेते. लाल खुणा कुठे पडतात सांगू? कुत्र्यांच्या गल्लीत, रेल्वे फाटकावर, चौफुल्याच्या बाजूला हायवेवर. एका मुलीची लाल खूण एका घरासमोर होती. का, तर सांगेना. तिच्याजवळ मी पुष्कळ वेळ नुसती बसले. पुढचं इथे लिहीत नाही, पण तिच्या आईशी बोलले आणि आता ती त्या वाटेने एकटी जात नाही. तुम्हीही काढून बघा असा नकाशा, आणि तुमच्या भरवशाच्या मोठ्या माणसाला दाखवा. कुणीच सापडलं नाही तर १०९८ हा फोन मुलांसाठीच आहे.

घरी येऊन दाजींना पत्र लिहिलं. समोरासमोर बोललं की ते मध्येच तोडतात, म्हणून पत्र. 'सुरक्षित आहे' असं लिहिलं नाही आणि 'नाही' असंही नाही. चौक कसा ओलांडायचा, अंधार पडल्यावर कुठली वाट सोडायची, ग्रंथालयातून मुली घोळक्याने कशा परततात, सगळं नकाशासकट लिहिलं. आपल्या गावच्या पंडिता रमाबाईंचीही आठवण दिली. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुलींना त्यांनी आधार दिला, आणि त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं ते आपल्या केडगावात. त्या मुलींना तेव्हा हे गाव परकंच होतं की! शेवटी लिहिलं, "दाजी, विद्यापीठाबद्दल माझं मत 'जाऊ द्या' असं आहे. पण एक जागा मी अजून तपासलेली नाही, ती म्हणजे आपलं घर. तिने काही वाईट सांगितलं तर 'ये परत' म्हणायच्या आधी ऐकून घ्याल का? तेवढं कबूल करा."

दाजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून कॅलेंडरच्या मागे ठेवलं आणि वैरण टाकायला निघून गेले. हो नाही की नाही नाही. पण जायच्या दिवशी ट्रंक त्यांनीच शटलमध्ये चढवली.

दिवाळीच्या आधी एका रात्री भाचीचा फोन आला. मी तिथेच होते. गर्दीच्या बसमध्ये एका माणसाने त्रास दिला, ती ओरडली, बायकांनी त्याला घेरलं, कंडक्टरने बस थांबवली. सांगताना तिचा आवाज कापत होता. ताईने तोंडाला पदर लावला. दाजी ताडकन उभे राहिले. शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, मी अगदी समोर बसले होते ना! त्यांनी एकदा कॅलेंडरकडे बघितलं. मग खाली बसले.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"आन् उद्या काय हाय?"

"नऊ वाजता प्रॅक्टिकल."

"मग झोप आता," दाजी म्हणाले, "आन् उद्या झालं की फोन कर."