चर्चिलचं देणं

बेचाळीसच्या लढ्यात येरवड्याचा तुरुंग पाहून आलेल्या माणसानं मला चर्चिल वाचायला दिला. आमच्या बँक युनियनचे ते सर्वांत जुने कार्यकर्ते, राष्ट्र सेवा दलात घडलेले; आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मी नवखा सेक्रेटरी. द्वारसभेत माइक हाती आला की घशाला कोरड पडायची. ‘‘ज्याच्या राज्यात आत गेलो, त्याच्याकडून बोलायला शीक,’’ असं म्हणत अण्णांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. ‘‘त्याचं बाकी काही घेऊ नकोस.’’

मला वाटलं, डरकाळ्या फोडणारा जन्मजात वक्ता भेटेल. भेटला तो १९०४ सालचा, तिशीही न गाठलेला खासदार. २२ एप्रिलला कॉमन्स सभागृहात तो बोलत होता, तेही कामगार संघटनांच्या हक्कांवर! पाठ केलेलं भाषण पाऊण तास सुरळीत चाललं आणि पुढचं वाक्यच आठवेना. चाचपडला, सभागृहाचे आभार मानून खाली बसला, चेहरा हातांत लपवून. ‘स’चा उच्चारही त्याला धड जमत नसे. पुढे त्यानं नुसत्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवणं सोडलं. महत्त्वाचं भाषण ओवीच्या चरणांसारखं तुटक ओळींत टाइप केलेलं असे, कुठं थांबायचं ते नजरेला कळावं म्हणून. १९४०ची जी भाषणं लोक उसळून आलेलं धैर्य समजतात, ती अशी तासन्‌तास घासूनपुसून तयार झालेली. मला याचा केवढा आधार वाटला!

४ जूनचं भाषण तर मी अण्णांपुढे बसूनच वाचलं. डंकर्कहून तीन लाखांवर सैनिक सुटून आले होते, इंग्लंडला हायसं वाटत होतं. आठवडाभर आधीच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स इटलीमार्फत तहाची चाचपणी करावी म्हणत होते आणि चर्चिलनं ते रेटून मोडून काढलं होतं. तरी सभागृहात तो बढाई मारत नाही. सुटकेला विजय समजू नका, असं बजावतो. जे घडलं त्याला लष्करी अरिष्ट म्हणतो. गमावलेल्या हजारभर तोफांचा हिशेब देतो. लढत राहण्याची प्रतिज्ञा येते ती अगदी शेवटी.

संपाच्या आदल्या संध्याकाळी मी तोच क्रम धरला. किती पगार कापला जाईल, कोणावर निलंबन येऊ शकतं, हे आधी सांगितलं, घोषणा नंतर. कागद हातात होता, तुटक ओळींचा. माणसं पांगली नाहीत.

पुढे अण्णांनीच विचारलं, ‘‘त्रेचाळीस वाचलंस का?’’ वाचलं. बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली. व्हाइसरॉय वेव्हेल धान्य मागत राहिले आणि चर्चिलचं युद्धमंत्रिमंडळ मागितलं त्याहून फार कमी देत राहिलं. रागानं मी पुस्तक परत करायला गेलो. अण्णांनी ते घेतलं नाही. ‘‘गुरुवारी फोर्टच्या शाखेपुढे द्वारसभा आहे,’’ म्हणाले, ‘‘ओळी लिहून आण.’’